कल्ला कोणाचा

माझं शुद्धलेखन चांगलं नाही आणि अक्षर त्याहून वाईट आहे, त्याची माफी आधीच मागते. चौथीच्या पुढे मला कोणी शिकवलं नाही. ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे, हे अजून अंदाजानेच ठरवते. वही मुलीची आहे, जुनी गणिताची. मागची पानं कोरी होती. ही वही कोणाला दाखवायची नाही, मग माफी कोणाची मागते आहे, ते मलाच सांगता येत नाही. सवय आहे. आयुष्यभर मी आधी माफी मागितली, आणि माफी मागता मागता जे बोलायचं होतं ते राहून गेलं.

आज मात्र राग आला आहे, म्हणून लिहिते.

तीन दिवसांपासून गल्लीत मांडव आहे. सकाळी सहाला लाऊडस्पीकर सुरू होतो. मांडणीवरच्या पितळी वाट्या एकमेकींना आपटतात. मुलीची डी.एड.ची परीक्षा तोंडावर आहे. काल ती मांडवात गेली आणि म्हणाली, आवाज थोडा कमी करा. खुर्चीवर बसलेला एक जण तिला म्हणाला, "ताई, तुमी काहून कल्ला करून राहिल्या?" हे तो ओरडून म्हणाला, कारण स्पीकरपुढे त्याचंच त्याला ऐकू येत नव्हतं. स्पीकर वाजतच होता, आणि कल्ला माझ्या मुलीने केला!

मी खिडकीत उभी होते. हा शब्द मी ओळखते. हा माझ्या नावावर लिहिला गेला होता, त्याचे मी बारा रुपये भरले होते.

शाळेत गुरुजींनी एकदा फळ्यावर चार शब्द लिहिले होते. गोंगाट, गलका, कलकलाट, कल्ला. अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा. अर्थ सगळ्यांचा सारखाच, मोठा, कानाला नको वाटणारा आवाज. मी उभी राहिले की माझा आवाज घशाच्या खालीच राहत असे, म्हणून गुरुजी मला पाटीवर लिहायला सांगायचे. मी लिहिलं, "नळावर बाया कल्ला करतात." गुरुजींनी पाटी उचलून सगळ्या वर्गाला दाखवली. फार चांगलं वाक्य आहे म्हणाले. बाकीच्यांचीही वाक्यं तशीच होती. कावळे कलकलाट करतात. पोरं गलका करतात. त्या काळी गिरणीचा भोंगा अर्ध्या नागपूरला अंथरुणातून उठवायचा, त्यावर कोणी वाक्य केलं नाही. गुरुजी छडी टेबलावर आपटत तेव्हा दौत उडायची, त्यावरही कोणी केलं नाही. हा शब्द कोणावर टाकायचा आणि कोणावर नाही, हे आम्हा पोरांना न शिकवताच येत होतं. मला तर शाबासकी मिळाली. त्या शाबासकीचा मला आज फार राग येतो.

आता बारा रुपयांचं लिहिते. बहात्तर-त्र्याहत्तरच्या आसपासची गोष्ट आहे.

आमच्या घरी हातमाग होता. नवरा लुगडी विणायचा, मी कांड्या भरायची. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसवायची सुताची नळी. हातमागाचा आवाज होता, पण त्यात माणसाचं बोलणं बुडत नव्हतं. मग यंत्रमागाची स्वस्त लुगडी आली आणि आमचा माग बसला. नवरा इतवारीच्या बाजारात हमालीला जाऊ लागला, आणि मी त्याच यंत्रमागाच्या शेडमध्ये कांड्या भरायला गेले. ज्याने आमचा माग बंद पाडला त्याच्याकडेच कामाला. याचाही राग यायला पाहिजे होता, पण तेव्हा आठवड्याला पंधरा रुपये मिळणार होते.

शेड पत्र्याची. सोळा माग, एक विजेची मोटार. वर छताखाली एक लांब लोखंडी दांडा फिरायचा आणि त्याच्यावरून एकेका मागाला चामड्याचा पट्टा खाली आलेला. भिंतीला लागून आम्ही आठ बाया. मोटार सुरू झाली की जो खडखडाट उठायचा तो कानाने नाही, दातांनी ऐकू यायचा. पहिल्या आठवड्यात मी घरी आले की नवरा म्हणायचा, "मी काय बहिरा आहे काय वं, ओरडून काहून राहिली?" मला वाटायचं मी हळूच बोलते आहे.

पण खोटं कशाला लिहू, मला ती शेड आवडली. तिथे कोणी बोलूच शकत नव्हतं. माझ्यासारख्या बाईची लाज झाकायला त्याहून चांगली जागा नाही. बाया ओठांनी बोलायच्या, आवाज न काढता. बारा हात लांबून एकमेकींचे ओठ वाचायच्या. शिवाय खुणा होत्या. कपाळावरून दोन बोटं फिरवली की मालक, कारण तो टोपी घालायचा. नाक चिमटीत धरलं की दिवाणजी. दिवाणजी हिशेब पाहायचा, पगार वाटायचा आणि दिवसभर तपकीर ओढायचा. ही नाकाची खूण माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईने काढली होती. ती विधवा होती, अंगाने दांडगी, आणि तोंडाने त्याहून.

शेडमध्ये भीती एकाच गोष्टीची, करंट जाण्याची. खडखडाटात कोणाला काही सांगायचं तर विणकर कानाला तोंड लावून ओरडायचे. करंट गेला की माग एकदम थांबत नाहीत, चार-पाच फेरे घेऊन दमल्यासारखे थांबतात. शेडमधला मुरलेला माणूस तेवढ्यात तोंड मिटतो. जो नाही मिटत त्याचं शेवटचं वाक्य सगळ्या शेडला ऐकू जातं. एकदा एक विणकर दुसऱ्याला सांगत होता की सासू येऊन महिना झाला, म्हातारी जायचं नाव नाही घेत. करंट गेला, आणि सासू दारात त्याच्या जेवणाचा डबा घेऊन उभी. तो डबा तिने तिथेच खाली ठेवला आणि त्याच पावली स्टेशनवर गेली म्हणतात. आम्ही सहा महिने हसलो.

उन्हाळ्याचे दिवस होते. माझी मुलगी चौथी पास झाली होती. मी चौथीत थांबले होते, ती थांबणार नाही असं मी मनात ठरवलं होतं. पाचवीची शाळा दुसरी, तिथे निळा स्कर्ट आणि पांढरा ब्लाउज लागायचा, आणि पुस्तकं. मी हिशेब केला होता. जूनपर्यंत आठवड्याला तीन रुपये बाजूला टाकले की होत होतं.

त्या दिवशी शेजारची बाई रिकाम्या कांड्यांची टोपली घ्यायला शेवटच्या मागापाशी गेली. वाकली, आणि तिचा पदर वरून येणाऱ्या पट्ट्यात गेला. तिला कळलंसुद्धा नाही. मी पाहत होते. तिची माझ्याकडे पाठ होती. ओठ हलवून उपयोग नव्हता, खूण करून उपयोग नव्हता. पदर ताणला गेला, तिची मान मागे गेली, आणि मी ओरडले.

मी आयुष्यात कधी अशी ओरडले नव्हते. बाळंतपणातही नाही. तो आवाज कुठून आला मला माहीत नाही. सोळा मागांच्या वरून गेला. मोटारीपाशी बसणारा माणूस दचकून उडाला आणि त्याने खटका ओढला. माग थांबले. बाईचा खांदा सोलला होता, पदराच्या चिंध्या झाल्या होत्या, पण ती जिवंत होती.

तेव्हा हापिसाचं दार उघडलं. दिवाणजी बाहेर आला. दिवसभर सोळा मागांच्या खडखडाटात डुलक्या घेणारा हा माणूस, त्याला जाग कशाने आली? आणि काय म्हणाला?

"कल्ला कोणी केला?"

शनिवारी पगाराला मी त्याच्या टेबलापुढे उभी राहिले. माग बंद होते, शांत होतं, म्हणजे माझा आवाज बंद होता.

"बाई, तू कल्ला केला. सोळा माग थांबले, सोळा कापडांवर रेघ पडली. बारा रुपये दंड. आठवड्याले तीन-तीन कापतो. एकदम नाही कापत, माणूस पाहून वागतो मी."

माझ्या मागे शेजारची बाई उभी होती. खांद्याला हळद लावलेली. ती म्हणाली, "दिवाणजी, ते ओरडली नसती त मी वर पंख्यावानी फिरली असती न."

"तू त गप बस. तुह्या पदराचा हिशेब मी अजून काढला नाही."

"काढा न. लुगडं कोण देईन तेबी काढा."

दिवाणजीने तपकीर ओढली आणि एका लहान वहीत लिहिलं. बाकी सगळ्या बाया अंगठा लावायच्या, मला वाचता येत होतं. वही माझ्याकडून उलटी होती तरी मी वाचलं. "कल्ला केल्याबद्दल, दंड रु. १२." वरच्या ओळींत इतर बायांचे दंड होते. उशीर. सूत सांडणे. हसणे. हसण्याचे दोन रुपये लावले होते एकीला.

मग त्याने पगाराची मोठी वही पुढे सरकवली. तिथेही मी वाचलं. माझ्या नावापुढे पंधरा रुपये लिहिले होते. माझ्या हातात बारा दिले होते. मोठ्या वहीत दंडाचं नाव नव्हतं. मालक मोठी वही पाहतो हे सगळ्यांना माहीत होतं. लहान वही दिवाणजीच्या खिशात राहायची. म्हणजे तीन रुपये कुठे जात होते, हे समजायला चौथीचं गणित पुष्कळ होतं.

मी वाचलं, मला समजलं, आणि मी पंधरा रुपयांवर सही केली. हे लिहिताना आजही कान गरम होतात. अंगठा लावणाऱ्या बायांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं आणि मी सही केली, कारण नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं.

चार शनिवार मी तशीच सही केली. जून आला. मुलगी जुन्या फ्रॉकवर नव्या शाळेत गेली. तिला वर्गात घेतलं, पण प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यात मागे, भिंतीपाशी उभं केलं, रांगेचा रंग बिघडतो म्हणून. ती घरी येऊन रडली नाही. नुसतं म्हणाली, "मले मागून बी दिसते सगळं."

पण आता मला एक माहीत झालं होतं. माझ्याजवळ आवाज होता. आणि तो काढायला जागाही होती. दुसऱ्या दिवशी मोटार सुरू झाली, माग दणाणले, आणि मी बोलायला लागले. पहिल्या दिवशी पुटपुटले. मग साध्या आवाजात. आठवडाभराने ओरडून. दिवाणजीला तोंडावर जे जे म्हणायचं होतं ते सगळं मी त्या खडखडाटात म्हणायची, कांड्या भरता भरता, घसा फुटेपर्यंत. कोणालाच शब्द ऐकू जात नव्हते. ओठ मात्र वाचता आले असते, म्हणून पदराचं टोक तोंडापुढे धरायची आणि भिंतीकडे तोंड करायची. संध्याकाळी घरी जाताना अंग हलकं वाटायचं.

शेजारच्या बाईने एकदा कोपर मारून ओठांनी विचारलं, "काय म्हणून राहिली वं रोज पदरात?"

मी म्हटलं, "गाणं."

"मोठं आहे वाटते?"

"बारा कडव्याचं."

त्या पावसाळ्यात वीजकपात होती. एका दुपारी मालक बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याला घेऊन शेड दाखवायला आला. टोपी, पांढरे कपडे. मागे दिवाणजी, हात जोडल्यासारखा चालणारा. मी त्यांना पाहिलंच नाही. माझं तोंड भिंतीकडे होतं, डोळे मिटलेले होते, आणि त्या दिवशी सकाळीच मुलीने विचारलं होतं की स्कर्ट या वर्षी येईल की पुढच्या. मी माझ्या गाण्याच्या मधोमध होते. करंट गेला. माग चार फेरे घेऊन दमले, थांबले. सगळी शेड तोंड मिटून बसली. मला कळलंच नाही.

"...माहे बारा रुपये गिळले अन मलेच कल्ला केला म्हणतं, मेल्या! मोठ्या वहीत पंधरा लिहितं, हातात बारा देतं, दंडाची वही खिशात लपवतं! हसण्याचे बी दोन रुपये घेतं, चोरा! तुही तपकीर आमच्या दंडाची आहे!"

मग मला माझाच आवाज पत्र्यावर आपटून परत येताना ऐकू आला. मी डोळे उघडले.

मागून कोणी तरी बाई फिस्सकन हसली.

मालक पुढे आला. "काय म्हणाली तू? पुन्हा सांग."

मी उभी राहिले. तोंड उघडलं. आवाज नव्हता. शेड शांत होती आणि माझा घसा पुन्हा चौथीतल्यासारखा बंद झाला होता. दिवाणजी लगेच म्हणाला, "मालक, बाईचं डोकं गरम आहे. मागेबी असाच कल्ला केला होता तिनं. चला तुमी."

पुन्हा तोच शब्द. मला वाटलं, आता नाही तर मुलगी जन्मभर भिंतीपाशी उभी राहील. मी नाक चिमटीत धरलं. मग बोटं मोकळी करून एक मोठी वही हवेत उघडली, एक लहान वही खिशात घालावी तशी कमरेला खोचली. तीन बोटं दाखवली, आणि ती तीन बोटं तोंडात घालून गिळली. चार वेळा.

सगळ्या बाया समजल्या. विणकर समजले. हसण्याचा असा आवाज उठला की व्यापारी दचकून मागे सरला. मालक एकटाच इकडे तिकडे पाहत राहिला.

"काय म्हणून राहिली हे?" त्याने विचारलं.

शेजारची बाई उठली, पदर खोचून. "मी सांगतो मालक. नाक म्हणजे तुमचा दिवाणजी."

"नाक काहून?"

"तपकीर ओढते न थो. मोठी वही म्हणजे तुमाले दाखवायची. लहान म्हणजे आमाले लुटायची. ते त्याच्या खिशात पहा. अन पाहताना माहा दीड रुपयाबी पहा, सूत सांडल्याचा."

मालकाने हात पुढे केला. व्यापारी पाहत होता म्हणून दिवाणजीला वही द्यावी लागली. मालकाने पानं उलटली आणि त्याचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, न्याय झाला. पण तो दिवाणजीवर ओरडला ते असं, "दंड घेतला त माह्या खात्यात काहून नाही आला?"

म्हणजे बारा रुपये माझे नव्हतेच. चोरी झाली होती ती मालकाची. हे मी तिथे उभी राहून ऐकलं.

तेवढ्यात करंट आला. मोटारवाल्याने खटका ओढला, वरचा दांडा फिरायला लागला. पण आम्ही आठही जणी उभ्याच राहिलो. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. शेजारच्या बाईने माझ्याकडे पाहून ओठ हलवले, "बस नोको." मी नाही बसले. कांड्या नाहीत तर धोटे रिकामे. थोड्या वेळाने एक माग थांबला, मग दुसरा. व्यापाऱ्याने घड्याळ पाहिलं. सातवा माग थांबला तेव्हा मालक ओरडून म्हणाला, आणि आता त्यालाही ओरडावंच लागलं, "द्या रे ह्यायचे पैसे वापस! सगळ्यायचे द्या!"

दिवाणजीला काढलं नाही. तो मालकाच्या नात्यातला होता. त्याने सगळ्यांचे दंड परत केले, माझेही, पण कापले तसेच, तीन-तीन करून. पहिल्या तीन शनिवारी नऊ रुपये आले. त्यातून निळा स्कर्ट आणि पांढरा ब्लाउज शिवला. मुलगी रांगेत पुढे गेली. चौथ्या शनिवारी म्हणाला, सुटे नाहीत. पाचव्या शनिवारी म्हणाला, विसरलो. मी टेबलापुढून हलले नाही, एवढंच. माझ्या मागे रांग खोळंबली. बायाही तशाच उभ्या राहिल्या.

सहाव्या शनिवारी त्याने चार-चार आण्यांची नाणी टेबलावर फेकली. ती खणखणत सगळीकडे गेली, दोन खाली पडली. "घे," म्हणाला, "अन आता कल्ला नोको करू."

मी खाली वाकून दोन्ही नाणी उचलली. सगळी नाणी त्याच्या वहीवर एका ओळीत लावली. माग बंद होते, शेड शांत होती. मी मोजायला लागले, तोंडाने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. एक. दोन. तीन. आवाज फाटका निघत होता, तरी मी थांबले नाही. बारा नाणी झाली. तीन रुपये. आधीचे नऊ. माझे बारा रुपये पूर्ण परत मिळाले.